पऱ्हाटीपासून वीज: धूर कमी होईल, पण मातीचं काय?

काळी_कसदार (धागाकर्ता)

पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरणारी कपाशीची खोडं), तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जाळून वीज करण्याच्या प्रकल्पांची चर्चा विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा सुरू झाली आहे. आमच्या तालुक्यातही १० मेगावॅटचा एक प्रस्ताव आहे. त्याची मांडणी अशी: शेतकरी नाहीतरी पऱ्हाटी बांधावर पेटवतो. तीच विकत घेऊ, त्याला टनामागे पैसे मिळतील, शिवारातला धूर थांबेल, कोळसा वाचेल. पिकानं हवेतून घेतलेला कर्बच (कार्बन) परत हवेत जातो, म्हणून पर्यावरणाचं नुकसान काहीच नाही.

मी माती परीक्षणाच्या कामात आहे आणि माझा या प्रस्तावाला विरोध आहे.

१० मेगावॅट हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण इंधन मोजायला बसलं की तो लहान राहत नाही. असं संयंत्र एका युनिटला सव्वा ते दीड किलो काडीकचरा खातं. वर्षभर ८० टक्के क्षमतेनं चाललं तर सात कोटी युनिट वीज होते आणि त्यासाठी जवळजवळ ९० हजार टन इंधन लागतं. कोरडवाहू कपाशीची वाळलेली पऱ्हाटी हेक्टरी दोन-अडीच टन धरली, तर ४० हजार हेक्टरांवरची झाडून सगळी पऱ्हाटी झाली. सगळी कधीच हाती येत नाही. निम्मी आली असं धरलं तर ८० हजार हेक्टर. एवढ्या शिवारातून दरवर्षी, वीस-पंचवीस वर्षं, सेंद्रिय पदार्थ बाहेर काढायचा करार आपण करतो आहोत, हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

आमच्याकडे येणाऱ्या कोरडवाहू नमुन्यांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असणं आता नेहमीचं झालं आहे. गोठ्यातली जनावरं कमी झाली, शेणखत कमी झालं. शेतात परत जाऊ शकेल असं जे उरलं आहे ते पिकाचं अवशेषच. बॉयलरमध्ये ते जाळलं की कर्ब संपतो, नत्र आणि बरंचसं गंधक धुरावाटे जातं, स्फुरद-पालाश राखेत उरतात. ती राखही शेतात परत जात नाही, वीटभट्टीला किंवा खड्ड्यात जाते.

पाण्याबद्दल तर कुणी अक्षर काढत नाही. वाफेवरच्या संयंत्राला थंड करायला पाणी लागतं. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना मेगावॅट-तासाला (हजार युनिटला) साडेतीन घनमीटरची मर्यादा घातली. तोच दर लावला तर १० मेगावॅटला रोज आठ लाख लिटरच्या वर पाणी जातं. छोटी संयंत्रं मोठ्यांपेक्षा काटकसरी नसतात. टँकर लागणाऱ्या तालुक्यात हे पाणी कुठून येणार?

आणि एक. १५ मेगावॅटपर्यंतच्या जैवइंधन प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीतून सूट आहे. म्हणजे पर्यावरणीय जनसुनावणी होणार नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मिळालं की काम सुरू. वर लिहिलेले प्रश्न गावानं विचारायचे कुठे, ही जागाच उरत नाही.

साखर कारखान्यांची बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) सहवीज, म्हणजे साखरेसाठीच्या वाफेबरोबरच होणारी वीज, मी यात धरत नाही. ते चिपाड कारखान्यात आपसूक येतं, वाफ साखरेलाही लागते. माझा आक्षेप शेतातून गोळा करून आणायच्या अवशेषांबद्दल आहे.

---

बॉयलर_सांगली

मी सहवीज प्रकल्पात काम करतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगतो. तुमच्या पाण्याच्या आणि जनसुनावणीच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे. बाकीच्या मांडणीत मात्र एक गोष्ट गाळली गेली आहे: प्रकल्प आला नाही तर त्या पऱ्हाटीचं काय होणार?

तुमचा हिशेब ती शेतात कुजणार असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात ती पेटवली जाते. उघड्यावर पेटवली की कर्ब तसाही गेला, नत्र तसंही गेलं, आणि वर धूर. म्हणजे बॉयलरनं मातीकडून काढून घेतलं असं म्हणता येत नाही, ते आधीच गेलेलं होतं. तुलना करायची तर बांधावरच्या आगीशी करा.

आता धुराचा हिशेब. उघड्यावर काडीकचरा पेटवला तर किलोमागे साधारण पाच ते आठ ग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात. साखर कारखान्यांच्या धुराड्याला २०१६ पासून घनमीटरला १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. एक किलो कोरड्या काडीचा सहा-सात घनमीटर धूर होतो, म्हणजे मर्यादेच्या काठावर चालणारा बॉयलरसुद्धा किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास थांबतो. धुरातले कण पकडणारा चांगला बॅग फिल्टर किंवा विद्युत अवक्षेपक असेल तर त्याहून बराच कमी.

कोळशाचंही बघा. वाळलेल्या पऱ्हाटीचा उष्मांक किलोला साडेतीन हजार किलोकॅलरीच्या पुढे जातो. आपल्या केंद्रांत येणारा देशी कोळसाही त्याच पट्ट्यातला. त्या कोळशात ३० ते ४० टक्के राख, पऱ्हाटीत चार-पाच टक्के. कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत शिरली, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. कोळशाच्या विजेचं हे नुकसान आपण रोज सोसतो. काडीच्या विजेचा ताळेबंद मांडताना ही बाजू रिकामी ठेवता येणार नाही.

---

यवतमाळचा_कास्तकार

कसदार भाऊ, माती पाह्यजे हे आम्हालेही समजते. पण तुम्ही पऱ्हाटी गाडा म्हणता तं ती गाडून पाहा एकदा कोरडवाहूत.

जानेवारी-फेब्रुवारीत कापूस संपते. त्याच्यानंतर जूनपर्यंत जमिनीत ओल नसते. पऱ्हाटी म्हणजे लाकूड आहे, गव्हाचं काड नाही. ओलीशिवाय ते कुजत नाही. जूनमध्ये पेरणीच्या वेळी ते तुकडे तसेच्या तसे तिफणीत अडकतात. उधई (वाळवी) लागते ते वेगळंच. श्रेडर मारायले ट्रॅक्टरवाला एकरी पैसे घेते, रोटाव्हेटरचे वेगळे. ज्याच्याजवळ बागायत आहे त्यानं हे करावं, आम्ही काहून करावं आणि कशाच्या भरवशावर?

दुसरी गोष्ट बोंडअळीची. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं आमचा हंगाम खाल्ला. तेव्हापासून कृषी खातं अन् नागपूरची कापूस संशोधन संस्था एकच सांगते: फरदड (हंगाम संपल्यावर तीच कपाशी ठेवून पुन्हा घेतलेला कापूस) घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका अन् बांधावर ढीगही लावू नका, कारण किडक्या बोंडात अळी झोपून राहते अन् पुढच्या हंगामात निघते. म्हणजे ती शेतातून जायलेच पाह्यजे. कोणी उचलून नेत असंल आणि वरून दोन पैसे देत असंल तं मले त्याच्यात वाईट काय दिसत नाही.

---

माळरान_वाशीम

कास्तकार दादांचं म्हणणं पटतं, पण पऱ्हाटी फक्त पेटवली जाते हे खरं नाही. आमच्याकडे भूमिहीन घरांत वर्षाचं सरपण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्याच. उपटून द्यायच्या बदल्यात निम्म्या मोळ्या घरी न्यायच्या, असा व्यवहार अजून चालतो. गॅसची टाकी घरात आहे, पण ती चहापुरती आणि पाहुण्यांपुरती. पाणी तापवणं, भाकरी, डाळ सगळं चुलीवर.

प्रकल्पानं टनाला भाव लावला की शेतकरी मोळी फुकट देणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. मग त्या बाया कुठे जातील? वनखात्याच्या कुपात (तोडीसाठी आखलेल्या जंगलात), नाहीतर नाल्याकाठच्या बाभळी-पळसाकडे. विजेसाठी गोळा केलेल्या पऱ्हाटीपायी झाडं तुटली तर तो परिणाम कुणाच्या खात्यात मांडायचा? कोणत्याही प्रकल्प अहवालात ही नोंद माझ्या पाहण्यात आलेली नाही.

चुलीचा धूर चांगला असं मी म्हणत नाही. तो बाईच्या छातीत जातो हे मला माहीत आहे. पण टाकी परवडेल असं काही केल्याशिवाय सरपण काढून घेणं म्हणजे तिचा त्रास फक्त दुसरीकडे ढकलणं आहे.

---

डिझेल_मोजा

वाहतुकीचा मुद्दा राहिला. मोकळी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली तर ट्रॉली दिसायला डोंगराएवढी आणि वजन टन-दीड टन. पन्नास किलोमीटरवरून अशी वाहतूक करायची तर विजेतून वाचलेला कोळसा डिझेलमध्येच जाणार. श्रेडर, बेलर, लोडर, ट्रक, सगळीकडे डिझेल.

---

बॉयलर_सांगली

हा आक्षेप नेहमी येतो, म्हणून आकडा मांडूनच उत्तर देतो. गठ्ठे बांधून १० टनांचा ट्रक ५० किलोमीटरवरून आला, जाऊन-येऊन १०० किलोमीटर. लिटरला चार किलोमीटर धरले तर २५ लिटर, म्हणजे टनाला अडीच लिटर. तोडणी, गठ्ठे बांधणी, चढवणं-उतरवणं आणि ही वाहतूक मिळून टनाला १० लिटर धरा, मी सढळ हातानं धरतो आहे. लिटरमागे २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टनाला २७ किलो. त्या टनातून साडेसातशे युनिट वीज होते. देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे, म्हणजे पाचशे किलोच्या वर वाचतात. डिझेल त्यातले पाच टक्के खातं. मोकळी काडी ट्रॉलीनं आणली तर जास्त खाईल, आणि पैशांत तर फारच महाग पडेल, म्हणून कुणी तसं आणत नाही.

वाहतुकीचा खरा त्रास वेगळा आहे. ९० हजार टन तीन महिन्यांत गोळा करायचे म्हणजे रोज १०० ट्रक एकाच गावरस्त्यावरून. धूळ, अपघात, रस्त्याची चाळण. त्यावर बोला, ते योग्य आहे.

---

काळी_कसदार

बॉयलर साहेब, डिझेल हा माझाही मुख्य मुद्दा नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो: प्रकल्प नसेल तर पऱ्हाटीचं काय होईल.

आज ती पेटवली जाते हे खरं. पण प्रकल्प २५ वर्षांसाठी येतो. आजची वाईट सवय ही पुढच्या २५ वर्षांची तुलनेची रेघ धरायची का? खानदेशात, पश्चिम महाराष्ट्रात पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवणं ही एके काळी रीतच होती. ऊस तुटला की फड पेटवायचा. आता खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा येणाऱ्या पिकात) एकाआड एक सरीत पाचट ठेवणारे, कुट्टी करून युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू संवर्धन टाकणारे शेतकरी गावोगावी आहेत. हेक्टरी आठ-दहा टन पाचटातून ४० ते ५० किलो नत्र, ७५ ते १०० किलो पालाश आणि तीनएक टन सेंद्रिय कर्ब जमिनीत जातो, पाणी वाचतं, तण कमी होतं. हे कृषी विद्यापीठांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून वर्षानुवर्षं सांगून-करून घडवलं. त्या काळात पाचटाला वीजकेंद्राचा भाव लागला असता तर हा बदल झाला असता का? मला नाही वाटत. आता काही कारखाने बिगरहंगामात बॉयलर चालवायला पाचटाचे गठ्ठे मागू लागले आहेत, आणि मला त्याची खरी काळजी वाटते.

---

बॉयलर_सांगली

पाचटाबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे. खोडव्यातलं पाचट उचलू नये, हे मी आमच्या बैठकीतही मांडतो. पण पाचट आणि पऱ्हाटी एका मापानं मोजू नका. उसाला पाणी आहे, पाचट पानाचं आहे, ते चार-पाच महिन्यांत कुजतं. पऱ्हाटी लाकूड आहे, हे कास्तकार भाऊंनी सांगितलंच. शिवाय कपाशीची पानं, ज्यात नत्र जास्त, ती वेचणी संपेपर्यंत गळून शेतातच पडलेली असतात. शेळ्या-मेंढ्या बसतात त्याचंही खत होतं. उचललं जातं ते मुख्यतः खोड.

कर्बाचा हिशेबही आपण दोघांनी मिळून करू. टनभर वाळलेल्या पऱ्हाटीत साधारण ४०० किलो कर्ब. गाडली तर बहुतेक दोन-तीन वर्षांत जिवाणू खाऊन हवेतच सोडतात. आपल्या उष्ण हवेत दहा टक्के टिकला असं धरू, ४० किलो. म्हणजे दीडशे किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड जमिनीत अडकला. जाळून कोळसा वाचवला तर पाचशे. हवामानाच्या दृष्टीनं जाळणं पुढे आहे.

---

काळी_कसदार

हिशेब बरोबर आहे आणि नेमका इथेच आपला मतभेद आहे. तुम्ही मातीतला कर्ब हा हवेतून काढलेल्या वायूचा साठा म्हणून मोजता. कोरडवाहू शेतकऱ्याला तो पाण्यासाठी लागतो. काळ्या जमिनीचे कण चिकटून राहायला, पहिला मोठा पाऊस वाहून न जाता मुरायला, जुलैत पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली तर पीक तगायला तो लागतो. कुजणाऱ्या ज्या नव्वद टक्क्यांना तुम्ही वाया गेले म्हणता, त्यावरच गांडुळं आणि जिवाणू जगतात, आणि मातीची घडण त्यांच्या कामातून होते. किती किलो कार्बन डायऑक्साइड वाचला या मापात हे बसत नाही, म्हणून ते ताळेबंदातून गळतं. यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी हवामान बदलाशी झुंजण्याचं पहिलं साधन त्याच्या शेतातली ओल आहे. ती कमी करून आपण कोळसा वाचवतो आहोत. आणि वीज सौरपॅनेलवरून येऊ शकते. सौर कृषी वाहिनी योजनेत गावोगावी पॅनेल लागत आहेत, त्यांना ना इंधन लागतं ना थंड करायला पाणी. सेंद्रिय कर्ब पॅनेलवरून येणार नाही.

पऱ्हाटी लवकर कुजत नाही, हे मान्य. म्हणून तिचा कोळसा करून, बायोचार म्हणून परत टाकायचा मार्ग मला जास्त पटतो. हैदराबादच्या क्रिडा या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं जुन्या ड्रमपासून साधी भट्टी बनवली आहे, ती बांधावर नेता येते. वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास कोळसा मिळतो, बोंडअळी मरते, आणि तो कर्ब दहा टक्के नव्हे, बराच मोठा भाग दशकानुदशकं जमिनीत राहतो.

---

यवतमाळचा_कास्तकार

ड्रमची भट्टी म्हणजे दिवसभर एक माणूस तिथं बसवा. पाच एकराची पऱ्हाटी त्याच्यातून काढायले किती दिवस लागतील याचा इचार करा. मजूर मिळत नाही म्हणून तं लोक पेटवतात. त्या भट्टीतून निघणारा धूर कोण पकडणार हेही सांगा. शास्त्रज्ञ लोकायनं गावात येऊन एक अख्खं शेत करून दाखवावं, मग आम्ही पाहू.

---

हवा_मोजणारी

वर बॉयलर साहेबांनी धुराचे आकडे दिले आहेत. मी हवेच्या नमुन्यांचं काम करते. त्यांचं गणित चुकीचं नाही, पण दोन गोष्टी त्यात धरलेल्या नाहीत.

मर्यादा कागदावरची असते. काडीकचऱ्यात पालाश आणि क्लोरीन जास्त, त्यामुळे राख कमी तापमानाला वितळते, बॉयलरच्या नळ्यांवर थर चढतो, फिल्टरच्या पिशव्या तुंबतात. मग फिल्टर वळसा घालून धूर सोडला जातो, बहुधा रात्री. मोठ्या केंद्रावर सतत मोजणारी यंत्रं आणि त्यावर नजर ठेवणारी माणसं असतात. दहा मेगावॅटच्या संयंत्रावर ती नजर तितकी नसते. दुसरं, बांधावरच्या आगी वाईटच, पण त्या जिल्हाभर विखुरलेल्या आणि काही आठवड्यांच्या असतात. धुराडं वर्षभर एका गावाच्या डोक्यावर असतं. एकूण धूर घटला तरी त्या एका गावाचा वाढतो. जिल्ह्याच्या सरासरीत ते गाव दिसत नाही.

आणि यार्डातल्या माणसांबद्दल इथे अजून कुणी लिहिलं नाही. साठवलेल्या काडीला बुरशी येते. जुन्या, बुरशी आलेल्या बगॅसची धूळ छातीत जाऊन होणाऱ्या आजाराला बॅगॅसोसिस हे नावच आहे. हजारो टनांच्या गंजीत काम करणाऱ्या रोजंदारीवरच्या मजुराला मास्क आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी मिळणार का, हे संमतीपत्राच्या अटीत लिहिलेलं असायला हवं.

---

कोपनहेगनहून_पुणेकर

मी गेली काही वर्षं डेन्मार्कमध्ये आहे, ऊर्जा क्षेत्रातच. इथे गव्हाचा, बार्लीचा पेंढा जाळून वीज आणि उष्णता करतात, तेही मोठ्या प्रमाणावर. १९९० च्या सुमारास शेतात पेंढा पेटवण्यावर बंदी आली, १९९३ च्या राजकीय करारानं वीजकेंद्रांना वर्षाला १२ लाख टन पेंढा वापरायला लावलं. तीस वर्षं झाली, शेती बुडालेली नाही. पेंढा कापून काही दिवस पावसात पडू देतात, त्यातला पालाश आणि क्लोरीन धुऊन जमिनीत जातो आणि बॉयलरही टिकतो. बॉयलरखालची राख शेतात परत जाते. उडत्या राखेत कॅडमियम साठतं म्हणून तिला वेगळे नियम आहेत. नीट नियम केले तर हे जमतं, एवढंच सांगायचं आहे.

---

काळी_कसदार

माहिती मोलाची आहे, पण डेन्मार्कचं उदाहरण जसंच्या तसं इथे आणू नका. तिथे थंडी, त्यामुळे मातीत कर्ब टिकतो. तिथे डुकरांचं आणि गायींचं खत इतकं, की जास्त झालेल्या नत्राचं काय करायचं हा त्यांचा प्रश्न आहे. आणि मुख्य म्हणजे तिथे विजेबरोबर निघणारी उष्णता नळांतून घराघरांत जाते, म्हणून इंधनातली ८५-९० टक्के ऊर्जा कामी येते. आपल्या १० मेगावॅटच्या संयंत्रात वीस-पंचवीस टक्केच वीज होणार, बाकी सगळी कूलिंग टॉवरवरून हवेत. चार मोळ्यांतल्या तीन मोळ्या नुसतं पाणी उडवायला जाळायच्या, असा हा व्यवहार आहे.

---

बॉयलर_सांगली

हा तुमचा सगळ्यांत जोरदार मुद्दा आहे. म्हणूनच मी नव्या छोट्या वीजकेंद्राच्या बाजूनं नाही, वापराच्या बाजूनं बोलतो आहे. दोन वाटा दिसतात.

एक, पऱ्हाटीच्या कांड्या (भुसा दाबून केलेले घट्ट तुकडे) करून कोळशाच्या चालू केंद्रांत कोळशाबरोबर जाळायच्या. केंद्राच्या २०२१ च्या धोरणात पाच टक्क्यांचं बंधन आलं, पुढे ते सात टक्क्यांवर नेलं. पारस, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही केंद्रं कापूस पट्ट्याच्या आत किंवा शेजारी आहेत. तिथली कार्यक्षमता छोट्या संयंत्राच्या दीडपट, नवं पाणी लागत नाही, धुराची यंत्रणा आधीच उभी आहे. कपाशीच्या खोडाच्या कांड्या आणि पेलेट कशा करायच्या यावर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं कामही केलेलं आहे.

दुसरी वाट मला जास्त आवडते: वीज करूच नका, उष्णता वापरा. सोलापूर-इचलकरंजीच्या सायझिंगला (सुताला खळ देण्याच्या कारखान्यांना) आणि कापड प्रोसेस हाउसला, अकोल्याच्या डाळमिलांना, दूध संघांना वाफ किंवा गरम हवा लागते. तिथे आज कोळसा नाहीतर लाकूड जळतं. त्या जागी कांडी गेली तर ऐंशी टक्के ऊर्जा कामी येते.

---

माळरान_वाशीम

कोळशाच्या केंद्रात पाच टक्के काडी टाकली की त्या केंद्राला आणखी पंधरा वर्षं जगायचं कारण मिळतं. चंद्रपूरच्या लोकांनी कधी मोकळा श्वास घ्यायचा? उरलेल्या ९५ टक्क्यांवर कुणी बोलणार नाही, 'हरित वीज' अशी पाटी मात्र लागेल.

डाळमिलचं पटतं. लाकडाच्या जागी कांडी येणार असेल तर तेवढी झाडं वाचतील. पण तिथेही आधी सरपणाचा हिशेब करा. जी घरं आज पऱ्हाटीवर स्वयंपाक करतात त्यांची संख्या ग्रामपंचायतीनं काढावी आणि तेवढा वाटा बाजूला ठेवूनच करार व्हावा.

---

बॉयलर_सांगली

माळरान ताई, ती केंद्रं कांडीमुळे टिकून नाहीत. रात्रीच्या विजेला आज दुसरा पुरेसा आधार नाही म्हणून टिकून आहेत. तोवर त्यांतला जेवढा कोळसा कमी होईल तेवढा मी कमी करेन. या बाबतीत आपलं जुळणार नाही.

---

हवा_मोजणारी

एक भर. पऱ्हाटी न कापता मोळ्यांनी डेपोत आणून ठेवली तर बोंडअळीही डेपोत येते. प्रकल्पाचा डेपो म्हणजे पाच-दहा हजार टनांची गंज, तीही जूनपर्यंत, भोवती सगळं कापसाचं शिवार. बारीक तुकडे शेतातच करून मग उचलायचे, ही अट नसेल तर कास्तकार दादांचा बोंडअळीचा मुद्दा उलटा फिरेल. आगीचा धोकाही मोळ्यांच्या गंजीलाच जास्त.

---

यवतमाळचा_कास्तकार

हे ताईनं बरोबर सांगितलं. जिनिंगच्या आवारात पडलेल्या सरकीमुळे जवळच्या शेतात अळी लवकर येते हे आम्ही पाहतो. डेपोचंही तसंच होईल.

मग माझं असं म्हणणं आहे. कंपनीनं श्रेडर स्वतः आणावा, मजुरी आमच्यावर टाकू नये. तीन वर्षांतून दोनदा उचला, एक वर्ष तोच श्रेडर आमच्या शेतात फुकट मारा अन् ते तुकडे पसरून द्या, म्हणजे कसदार भाऊंच्या मातीलेही काही भेटंल. हलक्या बरड जमिनीतून उचलूच नका, ते आम्हीही देणार नाही. अन् भाव कराराच्या कागदावर पाह्यजे. आजवर असे कितीतरी प्रकल्प काडीचा भाव वाढला की बंद पडले, मग यार्डातला माल अन् आमचे पैसे दोन्ही अडकते.

---

काळी_कसदार

दादा, 'तीनात एक वर्ष शेताला' ही अट मला आजच्या प्रस्तावापेक्षा कितीतरी बरी वाटते, पण तेवढ्यानं माझा विरोध मागे जात नाही. प्रत्येक गटाचा (गट नंबरच्या जमिनीचा) सेंद्रिय कर्ब करारापूर्वी मोजा, मग दर तीन वर्षांनी मोजा, आणि घसरला तर त्या गटातली उचल थांबली पाहिजे. मोजणीचा खर्च प्रकल्पानं द्यावा, नमुना मात्र विद्यापीठानं घ्यावा. विजेऐवजी उष्णतेसाठी वापर असेल, नवं पाणी लागणार नसेल, आणि सरपणाचा वाटा आधी बाजूला काढला असेल, तर चर्चेला बसायला मी तयार आहे. १० मेगावॅटच्या केंद्राला माझं उत्तर 'नको' असंच आहे.

---

बॉयलर_सांगली

मोजणीची अट रास्त आहे. राखेबद्दलही एक अट घाला. गठ्ठे घेऊन आलेला ट्रक रिकामा परत जातो, त्याच ट्रकनं बॉयलरखालची राख शेतापर्यंत नेता येते, वेगळा खर्च जवळजवळ नाही. मात्र आपल्या काळ्या जमिनी आधीच विम्लतेकडे (अल्कधर्माकडे) झुकलेल्या आहेत आणि राखही विम्ल असते. तेव्हा एकरी किती टाकायची हे कसदार साहेबांच्या प्रयोगशाळेनं ठरवावं. आमच्याकडच्या राखेचा नमुना मी पाठवू शकतो. सामू (पीएच), पालाश आणि जड धातू तिन्ही तपासून द्या.